मिशा काढल्याबद्दल आर्वीच्या मामाजीस खुलासा

धमतरी (मध्य प्रदेश)
ता. ११ फेब्रुवारी १९८१

तीर्थस्वरूप रूपराव मामाजींच्या पायाशी आंजीच्या किसनरावांचा पोरगा उकंडा याचा दुरून दंडवत. (दुरूनच, कारण सवा महिना मला कोणापुढे वाकायची बंदी आहे. काऊन, ते पुढे येईल.) इकडे मी बरा आहे. तुमचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे? तुरी निघाल्या का? तांबडी गाय अजून लाथ मारते का? नऊ वर्षांची विचारपूस एकदम करतो आहे म्हणून थोडी गर्दी झाली, माफी असावी. मामी गेल्या हे मला आत्ता, या खेपेला गावी गेलो तेव्हा कळलं. दीड वर्ष झालं म्हणे. दीड वर्ष शिळं दुःख पत्रात कसं लिहायचं ते चौथीपर्यंत शिकवत नाहीत, अन् पुढे मी गेलो नाही. त्यांच्या हातचे सांडगे मला आठवतात एवढंच लिहितो.

पत्र कोणाचं आहे हे पाहून तुम्ही ते चुलीत घालाल अशी मला भीती आहे. घातलं तरी तुमची चूक नाही. माझ्या बहिणीच्या, शकुंतलाच्या लग्नात मामा म्हणून तिच्या पाठीशी तुम्ही उभं राहायचं होतं. रस्त्यात बैलबंडी उलटली, तुमची बस अडली, मुहूर्त टळते म्हणून बाबांनी शेजारच्या धुरपता काकूच्या नवऱ्याला मामा करून उभं केलं, अन् तुम्ही पोचलात तेव्हा शेवटचं मंगलाष्टक चालू होतं. तुम्ही मांडवाच्या बाहेरूनच परतलात, पाणीसुद्धा घेतलं नाही. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो अन् पंगतीत बसलो होतो. उठून तुमच्या मागं धावायला पाहिजे होतं, पण बुंदी नुकतीच वाढली होती. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही.

आता कामाचं. गेल्या पंधरवड्यात आर्वीच्या बाजारात तीन खबरी पोचल्या असतील. पहिली, आंजीचे किसनराव वारले. दुसरी, वारले नाहीत. तिसरी, बाप जिता असताना पोरानं मिशा काढून बापाची तेरवी घातली. यातली पहिली खोटी आहे, दुसरी खरी आहे, अन् तिसरीत मिशा तेवढ्या खऱ्या आहेत. बाकीचा खुलासा खाली करतो, खाटेवर बसून वाचावा. तुम्ही माणसं तोडत नाही, ती तुमच्यापासून तुटतात, हे माय नेहमी म्हणते. म्हणून तुम्हालाच लिहितो.

तीन वर्षांमागे ऐन पेरणीत मी अर्ध्या तासात तिफण सोडून निघालो, हे तुम्ही ऐकलं असेल. तास म्हणजे घड्याळाचा नाही, वावरातला, तिफणीनं ओढलेली ओळ. बैल उभे, चाड्यावर बियाण्याची मूठ धरून माय उभी, अन् मी दांडी सोडून सडकेवर. बाबा बांधावरून एवढंच बोलले होते की तास वाकडा चालला. (तास वाकडा होता, हेही खरं आहे.) तिथून वर्ध्याला जिनिंगमध्ये दोन महिने, नागपूरला संत्र्याच्या पेट्या ठोकायला तीन, गोंदियाला काय करत होतो ते आठवत नाही, अन् मग रायपूरवरून छोट्या गाडीनं इथं, धमतरीला, भाताच्या गिरणीत. माझं हे असंच आहे. महिना झाला की पुढचं गाव बोलावते. माझ्या आधीची तीन दगावली म्हणून मायनं मला जन्मल्याबरोबर उकंड्यावर ठेवलं अन् धुरपता काकूनं सुपात घालून परत आणलं, म्हणून नाव उकंडा. धुरपता काकू म्हणते, उकंड्यावरून उचललेलं पोट्टं एका जागी टिकत नाही, वारं लागलं की उडते. मला वाटते तिनं मला उचलताना थोडा कचरा तिथंच राहिला, तो मी शोधत फिरतो.

धमतरीत टिकलो, कारण पुढं रेल्वेच नाही. इथं धान उकडतात, वाळवतात, गिरणीत घालतात, अन् दिवसभर वाफेत माणूसही थोडा उकडून निघतो. सकाळी भात, दुपारी भात, संध्याकाळी भात, अन् उरला तो पाण्यात टाकून दुसऱ्या दिवशी त्याला बासी म्हणून पुन्हा भात. ज्वारीची भाकर मी शेवटची कधी खाल्ली ते दातांनाही आठवत नव्हतं. पण भाताचं काही नाही, मामाजी, पोटाला फसवता येते. पहिले दीड वर्ष इथं कोणी मला नाव विचारलं नाही. सगळ्यांसाठी मी 'नागपुरिया'. आंजी कुठं, नागपूर कुठं, पण इथल्या माणसाला गोंदियाच्या पलीकडे सगळं नागपूरच. आधी मी सुधारत होतो, की बाबा, नागपूर नाही, वर्धा, वर्ध्याहूनही आर्वीच्या सडकेला. मग सोडून दिलं. कोणी नावानं हाक मारत नाही तेव्हा काही महिन्यांनी माणूस स्वतःलाही हाक मारत नाही. एकदा पोस्टात फॉर्म भरताना माझ्या हातानं मी नावाच्या जागी नागपुरिया लिहिलं. बाबूनं विचारलं नाही, मीही खोडलं नाही.

अशात एक दिवस गिरणीच्या बारदान्यात आर्वीचा शिक्का मारलेलं पोतं सापडलं. इतक्या दूर आर्वी! मी ते घडी करून लपवलं अन् त्या दिवसापासून उशाला घेऊ लागलो. शिक्क्यावर गाल ठेवला की बरं वाटायचं. पोतं मिरचीचं होतं हे मला चार दिवस कळलं नाही. डोळे लाल, नाक गळते, अन् मी तसाच ओझी उचलतो आहे. माझ्यासोबत पोत्याचं दुसरं टोक धरणारा जो हमाल होता (त्याचं नाव लिहू शकत नाही, कारण पुढे येईल), तो वर्षभर माझ्यासमोर उभा राहून पोतं उचलत होता, पण मला कधी बोलला नव्हता. पाचव्या दिवशी त्यानं पोतं खाली ठेवलं अन् विचारलं, "रोवत हस का, नागपुरिया?" म्हणजे रडतोस का. मी म्हणालो, मिरची आहे. त्याला ते पटलं नाही. त्यानं मला हाताला धरून आपल्या घरी नेलं. मामाजी, निम्मं तिखटाचं होतं हे मी देवाच्या शपथेवर सांगतो. उरलेल्या निम्म्याचं मला सांगता येत नाही.

या मुलखात एक चाल आहे. दोन माणसांचं जुळलं तर ते देवापुढे एकमेकांना प्रसाद भरवतात अन् मितान होतात. मितान म्हणजे आपल्याकडचा दोस्त नाही. दोस्त सकाळचा संध्याकाळी बदलते. मितान झाला की त्याची माय तुमची फूलदाई, त्याचा बाप तुमचा फूलददा, त्याच्या बहिणीच्या लग्नात तुम्ही भाऊ, त्याच्या सुतकात तुम्ही सुतकी, अन् जन्मभर एकमेकाचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, मितान म्हणायचं. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या घरी त्या दिवशी पूजा होती, द्रोणात प्रसाद दिला, मी सकाळपासून उपाशी, मी माझाही खाल्ला अन् मला ज्याला भरवायचा होता त्याचाही खाल्ला, अन् वर आणखी आहे का म्हणून विचारलं. घरातली माणसं इतकी हसली की म्हातारा खाटेवरून खाली आला. मग त्याच म्हाताऱ्यानं, म्हणजे फूलददानं, दुसरा द्रोण आणला, मला समजावून सांगितलं, अन् म्हणाला की आता नीट कर. मी नीट केलं. करून बसल्यावर विचारलं, की हे किती दिवस चालते? तो म्हणाला, मरेपर्यंत. महिन्याला गाव बदलणारा मी, घाम फुटला. पण द्रोण खाऊन झाला होता.

त्यानंतर एक वर्ष मी कुठं गेलो नाही. मोठं काही घडलं नाही. गिरणी सुटली की त्यांच्या ओसरीवर बसायचं. फूलददा ताटातला अर्धा घास माझ्या ताटात टाकायचा, विचारायचा नाही. फूलदाई मला शिव्या द्यायची, त्यात माझं नाव असायचं. (उकंडा तिला म्हणता येत नाही, ती ओखंडा म्हणते. मी सुधारत नाही.) मितानशी बोलायला मला सुरुवातीला जमायचं नाही. मी जिथं गेलो तिथं माणसांना हसवून निघून जायची सवय, खरं सांगायची वेळ यायच्या आधीच मी गाडीत बसलेला असायचो. इथं पुढं गाडी नाही, अन् रोज संध्याकाळी तोच माणूस समोर. कधीतरी मग अर्ध्या तासाचं सांगितलं. मायच्या हातात चाड्यावर मूठ तशीच राहिली असेल, तेही सांगितलं. तो ऐकून म्हणाला, की तुझ्या बापाला एक चिठ्ठी टाक. मी म्हणालो टाकतो. टाकली ती शकुंतलाला, देवळीला, दिवाळीत, अन् त्यात फूलददा बिमार असल्याचं लिहिलं. बाबांना लिहायला हात वळला नाही.

फूलददा पौषात गेला. माझ्या हातात हात होता. दहाव्या दिवशी, सव्वीस जानेवारीला सोमवारी, तलावाच्या काठी घरातले बापे, म्हणजे पुरुषमाणसं, ओळीनं बसले, अन् न्हावी एका टोकापासून एकेकाचं डोकं करत आला. मी ओळीच्या शेवटी बसलो होतो, नुसता टेकायला. न्हावी माझ्यापर्यंत आला अन् त्यानं वर पाहिलं. मितानची काही जबरदस्ती नव्हती. तो म्हणाला, तुझा बाप जिता आहे, तू ऊठ. तुम्हाला ठाऊक आहे मामाजी, आपल्यात बाप जिता असताना मिशीला कोणी वस्तरा लावत नाही, मलाही ठाऊक होतं. पण आंजीत काय, वर्ध्यात काय, नागपुरात काय, मी नेहमी ओळीच्या बाहेर उभा राहून पाहणारा. इथं कोणीतरी मला मोजून माझ्यापुढं वस्तरा घेऊन थांबलं होतं. माझ्यानं उठवलं नाही. केस गेले तोपर्यंत ठीक होतं. मिशी गेली तेव्हा ओठाला वारा लागला, अन् मला बाबा आठवले.

फूलदाईनं ओळखलं. म्हणाली, एका बापाला पोचवलंस, आता दुसऱ्याला तोंड दाखवून ये. अन् बजावलं की सवा महिना कोणाला राम राम करायचा नाही, कोणाच्या पाया पडायचं नाही, सुतकाचा नमस्कार लागतो. मी त्याच संध्याकाळी निघालो. इथवर माझी काही चूक आहे का, ते तुम्ही ठरवा. पुढे मात्र आहे.

बुधवारी दुपारी वर्ध्याच्या बसनं आंजीला उतरलो. डोक्याला गमछा होता, तो उतरताना दाराच्या खिळ्याला अडकला अन् बससोबत आर्वीकडे गेला. (पांढरा, निळ्या काठाचा. कोणाच्या गळ्यात दिसला तर काही म्हणू नका.) स्टँडवर ओमप्रकाश चहावाल्यानं मला राम राम केला. मला बंदी, मी नुसती मान खाली घातली. त्यानं माझ्या डोक्याकडे पाहिलं, ओठाकडे पाहिलं, अन् उकळत्या चहाखालचा स्टो बंद केला. आपल्या गावात डोकं केलेल्या माणसाला कोणी विचारत नाही. तो सांगेल म्हणून थांबतात, अन् तो सांगत नाही म्हणून आपणच ठरवून टाकतात. अन् मला हे ठाऊक नव्हतं की बाबा सोमवारीच नवं धोतर नेसून देवळीला शकुंतलाकडे गेले होते, अन् अजून परतले नव्हते.

माय अंगणात तुरी पाखडत होती. मला पाहून तिच्या हातचं सूप थांबलं. मी पाया पडलो नाही, बंदी. तिनं माझ्या डोक्याकडे पाहिलं, अन् तीन वर्षांनी भेटलेल्या पोराला तिनं पहिला सवाल केला, "कव्हा?"

"सोमवारी," मी म्हणालो.

"कुठी?"

"तलावाच्या काठी."

"तू होता जवय?"

"होतो ना. माह्या हातात हात होता."

"काही बोलले?"

"पानी मांगलं. मंग काही नाई."

पहिल्या दोन सवालांना मला वाटलं ती केसांचं विचारते. पुढच्या दोनांना वाटलं की शकुंतलाला टाकलेल्या कार्डावरून हिला फूलददाचं ठाऊक आहे, अन् मायचं काळीज, तिनं ओळखलं. तिला वाटलं की मी देवळीवरून आलो. चार सवाल, चार जबाब, एकही खोटा नाही, अन् तेवढ्यात माझा बाप मेला. माय खाली बसली अन् तिनं जो आवाज काढला, मामाजी, तो तुम्ही तुमच्या माणसाच्या वेळी ऐकला असेल, मी वेगळा सांगत नाही.

धुरपता काकू धावत आली. मागून आणखी तीन बाया. माझ्या पाठीवरून हात फिरवून रडू लागल्या, अन् मला इतकं भरून आलं म्हणता! वाटलं, आपलं गाव केवढ्या मनाचं. धमतरीचा एक म्हातारा, ना ओळख ना पाळख, अन् आंजीच्या बाया त्याच्यासाठी ऊर बडवतात. मीही मोकळा झालो. सांगितलं की फार मायाळू होते, स्वतःच्या ताटातला घास मला द्यायचे. यावर बाया रडायच्या थांबल्या अन् एकमेकींकडे पाहू लागल्या. (बाबांनी कोणाला घास दिल्याचं त्यांच्यातल्या एकीलाही आठवत नसावं.) धुरपता काकूनं नाक पुसून म्हटलं, "मेल्यावर सारेच मायाळू होतात, बाबू." मला ते जरा कमी वाटलं, पण म्हटलं, बाई दुःखात आहे. मग तिनं मायला उठवून जात्यापाशी नेलं. तोंड धुवायला नेते असं मला वाटलं. मग काचेचा आवाज आला. आठ-दहा बांगड्या फुटायला काय वेळ लागते? अवो काकू म्हणेपर्यंत डावा हात झाला होता, थांबा म्हणेपर्यंत उजवा. कुंकू तिनं पदरानं आधीच पुसलं होतं. ज्या बाईनं मला सुपात घालून जगात आणलं, तिनंच माझ्यासमोर माझ्या मायला विधवा केलं, अन् दोन्ही वेळा मी नुसता पडून होतो.

बाबा गोठ्याच्या मेढीला टेकून उभे होते. देवळीची दुपारची गाडी मिळाली होती. कधीपासून उभे होते कोणी सांगू शकत नाही, पण हातातल्या पिशवीतली बोरं बकरीनं अर्धी संपवली होती, त्यावरून तुम्ही अंदाज करा. त्यांनी आवाज चढवला नाही. धुरपता काकूला एवढंच विचारलं की झालं का तुझं, का अजून काही राहिलं. तिच्या हातातला बत्ता खाली पडला. मायनं नवरा जिता समोर पाहिला, अन् ती हसली नाही, रडली नाही, तिनं पटकन पदर पुढं ओढून कपाळ झाकलं, जसं काही तिची चोरी सापडली. बाबांनी अंगणभर नजर फिरवली. चार बाया, मी, बकरी.

"बापे कोठी हायेत?" त्यांनी विचारलं.

धुरपता काकू म्हणाली, वावरात असतील, हरभऱ्याला पाणी चालू आहे. बाबा म्हणाले, "मयतीची खबर वावरात पोचते, धुरपता. ओमप्रकाशचा स्टो बंद होता, म्या डोयानं पाह्यलं." अन् खाली बसून ते सांडलेली बोरं वेचू लागले. एवढं बाजारपेठेचं गाव. कोणी आलं नव्हतं. या माणसानं एकेका दारापाशी कधी ना कधी वाकडा तास दाखवला होता, अन् त्यांना हे त्याच दिवशी दिसलं. आपल्याच मयतीला उभं राहून माणसं पाहायला मिळणं कोणाच्या वाट्याला येऊ नये.

संध्याकाळी ओट्यावर मला न पाहता त्यांनी विचारलं की कोणासाठी काढल्या. मी मितानचं, फूलददाचं, सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, त्याचं नाव काय. मामाजी, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मला ठाऊक नाही. फूलददाच म्हणायचो, नाव कोणी घेतलंच नाही. बाबा म्हणाले, "माह्यं नाव तं ठाऊक हाये ना तुले? शायेच्या दाखल्यावर हाये. तीन वर्सांत त्या नावाचं एक कारड नाई आलं. अन् ज्याचं नाव ठाऊक नाई, त्याच्यासाठी मिशा."

मी खरं तेच बोललो. म्हणालो, बाबा, तिथं त्यांनी मले ओयीत धरलं. ते उठले, बैलांना पाणी दाखवून आले, अन् विचारलं की त्या म्हाताऱ्याला पोरं किती. मी म्हणालो, एकच. ते म्हणाले, "मंग दोन म्हन." एवढंच. पण तीन वर्षांनी ते मला बोलले होते, अन् त्यात वाकडं काही नव्हतं.

मी आठ दिवस राहिलो. बाबा ठीक झाले, म्हणजे आहेत तसे. माय झाली नाही. हे संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे दिवस, रथसप्तमीपर्यंत घरोघरी बोलावणी, पण उघड्या हातांच्या बाईला कोणी बोलावलं नाही, अन् ती विहिरीवरही जाईना. तिचं म्हणणं एकच, की मी विचारलं काऊन नाही, चार सवाल केले तर 'कोण?' हा पाचवा काऊन केला नाही. बाबांनी कमलाबाई कासारणीला घरी आणलं. तिनं टोपली खाली ठेवली, मायचे हात पाहिले, अन् टोपली तशीच उचलली. तिची एक अट आहे. ती काय, ते सांगायला इथं जागा नाही.

तर असा खुलासा आहे. माझं काही मागणं नाही, तुमचा गैरसमज होऊ नये एवढंच. मिशा थोड्या आल्या आहेत. मितान तुम्हाला जोहार सांगतो, दुरूनच, त्यालाही बंदी आहे. चुकलंमाकलं पोटात घालावं.

आपला भाचा,
उकंडा

ता. क. – जागा आहे, कागदाची मागची बाजू कोरी निघाली. कमलाबाईची अट अशी, की नवरा जिता असताना फुटलेला चुडा सासरच्या पैशानं भरत नाहीत, माहेरच्या माणसानं, सख्ख्या भावानं स्वतः हातात भरावा लागते, तरच तो टिकते. मायला दुसरा भाऊ नाही हे तुम्हाला मी काय सांगावं. हिरव्या, मापाच्या सव्वादोन. शिवरात्रीच्या आत झालं तर बरं, तिचे हात पाहवत नाहीत. खरं म्हणजे एवढ्यासाठीच हे पत्र, वरचं सगळं म्हणजे नुसत्या मिशा.

आणखी ता. क. – हे बाबांनी मला सांगितलं, अन् तुम्हाला सांगू नको म्हणून बजावलं. मामी गेल्याचं कार्ड आलं त्या दिवशी ते आर्वीच्या बसमध्ये बसले होते. अर्ध्या वाटेत, खरांगण्याला उतरले. कोणत्या तोंडानं जाऊ म्हणून उतरले. परतीची बस लागलेली होती, पण चढले नाहीत, पायी आले. मायला सांगितलं की वावरात होतो.

शेवटचा ता. क. – निघायच्या दिवशी बाबांनी मला मितान कसा जोडतात ते बारकाईनं विचारलं. प्रसाद कोणता लागते, ब्राह्मण लागते का, आपल्यासारख्या म्हाताऱ्यांना चालते का. मी सांगितलं की सगळ्यांना चालते, फक्त एकमेकाचं नाव घ्यायचं नाही. ते म्हणाले, "मंग तं त्या आर्वीवाल्यासंग माह्यं नऊ वर्सापासून चालूच हाये." हसले नाहीत. मग विचारलं की तो कोणत्या गाडीनं येऊ शकते. मी म्हणालो, आठच्या. तेव्हापासून रोज आठच्या गाडीच्या वेळी ते स्टँडवर उभे असतात असं शकुंतलानं कळवलं आहे. तुम्ही उतरलात तर ते म्हणतील की खताची बंडी पाहून राह्यलो. त्यांना तसं म्हणू द्या.